ताईच्या कानाचं माप

आमच्या दातांच्या लॅबमध्ये माझ्या भाचीला सगळे पाहुणी म्हणतात. हे नाव मीच पाडलं. गेली काही वर्षं ती उद्या-परवा निघायचंय अशाच थाटात वावरते. चपला झिजल्या तरी नव्या घेत नाही, म्हणते तिकडे बूटच लागणार. काम मात्र असं करते, की डॉक्टर लोक माप पाठवताना कवळी हिच्याच हातची हवी असं बजावतात. मामा म्हणून मला तिचं कौतुक आहे. मालक म्हणून ती खरंच जाईल याची धास्ती.

तिला जायचं होतं समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठात. अपघातात किंवा आजारपणात ज्यांच्या चेहऱ्याचा एखादा भाग जातो, त्यांच्यासाठी नाक, कान, डोळे घडवायला तिथे शिकवतात. जेवणाच्या सुट्टीत ती फोनवर त्या गावाचा नकाशा उघडायची आणि चक्क फिरायला निघायची. वसतिगृहाचा उतार, मग पूल, मग विटांची लांबलचक इमारत. "मामा, पूल ओलांडला," असं मला सांगायची. माझे हात प्लॅस्टरमध्ये बरबटलेले असायचे. मी विचारायचो, स्वेटर घातलास का? ती खरंच मान हलवायची.

हळूहळू ते गाव माझ्याही अंगात मुरलं. एकदा स्वप्नात मी त्या पुलावर उभा होतो. बर्फ पडत होता, माझ्या हातात कवळ्यांचा ट्रे होता, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण अगदी अदबीने आपापली कवळी उचलून पुढे जात होता. जाग आली तेव्हा फार हलकं वाटत होतं. असल्या मुलीच्या नादी लागलं की असंच होतं.

प्रवेशासाठी विद्यापीठाने कामाचा एक नमुना मागितला. जिवंत माणसाचा कान बघून हुबेहूब दुसरा घडवायचा आणि व्हिडिओ मुलाखतीत खऱ्याशेजारी धरून दाखवायचा. पाहुणीने आपल्या आईचा, म्हणजे माझ्या ताईचा, डावा कान निवडला. भावजी गेल्यापासून घरात या दोघीच. ताईची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, परदेशचे कॉल जोडण्यात. जगातल्या कितीतरी गावांशी तिने लोकांचं बोलणं करून दिलं, पण स्वतः कुठे गेली नाही. डाव्या कानावर वर्षानुवर्षं हेडफोन बसून त्याची वरची कड दबली होती आणि तिथे घट्टा पडला होता.

पाहुणीने माप घेतलं, मेणाचा कान कोरला, साचा केला आणि सिलिकॉनमध्ये त्वचेचा रंग कालवून कान ओतला. मी तो तळहातावर घेऊन उलटसुलट फिरवून बघितला. इतका देखणा कान मी कुणाच्या डोक्याला लागलेला बघितला नाही.

मुलाखतीला कॅमेऱ्यात न येता मी कोपऱ्यात बसलो होतो. पलीकडे पांढऱ्या केसांच्या एक प्राध्यापिका होत्या. त्यांनी ताईला बाजूने बसायला सांगितलं, कान शेजारी धरायला सांगितलं आणि बराच वेळ नुसतं बघितलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या की कान सुंदर आहे, पण तो या बाईंचा नाही.

आम्ही तिघांनी बघितलं, आणि खरंच होतं ते. मापात आलेला घट्टा पाहुणीने मेणात तासून टाकला होता. दबलेली कड उचलली होती, सैल पाळी घट्ट केली होती. मुद्दाम नव्हे, तिच्या लक्षातही आलं नव्हतं. आमच्या धंद्याची ही खोडच आहे. माप वाकड्या दाताचं येतं, आमच्याकडून दात सरळ जातो, आणि गिऱ्हाईक आरशात बघून खूश होतं. पण एक कान गमावलेल्या माणसाला दुसरा हवा असतो तो पहिल्याइतकाच म्हातारा, पहिल्याइतकाच बिघडलेला. प्राध्यापिकांनी दुसरा कान करायला महिन्याची मुदत दिली. पाहुणीचं तोंड एवढंसं झालं. माझ्या मनात आलं, राहिली बाबा, आणि त्याच क्षणी स्वतःचा राग आला.

या वेळी तिने माप घेतलंच नाही. रोज दुपारी लवकर घरी जाऊन ती ताईला पश्चिमेच्या खिडकीत बसवायची आणि समोर मेण घेऊन बसायची. ऊन तिरपं झालं की ताईचा कान आतून लाल उजळायचा, एकेक बारीक शीर दिसायची. ताईला गप्प बसणं कुठलं जमायला! ती जुन्या कॉलांच्या गोष्टी सांगायची. लाइन लागण्याआधी म्हणे दूरवर पाणी हलल्यासारखा आवाज यायचा, आणि तो ऐकता ऐकता तिला बसल्या जागी डुलकी लागल्यासारखं व्हायचं. मीही चहाच्या निमित्ताने जाऊन बसायचो. खोलीत ताईचा आवाज आणि मेणावर सुरीची खरखर, एवढंच. आपण नक्की कुठल्या गावात बसलोय याचा विसर पडायचा. "मामा, सरक ना, उजेड अडतोय," पाहुणी म्हणाली की मी भानावर यायचो.

दुसरा कान झाला तो मला मुळीच आवडला नाही. दबलेला, सुरकुतलेला, वर घट्टा. ताईने मात्र तो बोटांनी चाचपला आणि ती लाजली.

प्राध्यापिकांनीही तो बघितला आणि आठवड्याभरात प्रवेशाचा मेल आला, शिष्यवृत्तीसकट. पाहुणीने तो आम्हाला वाचून दाखवला. ती उड्या मारेल असं मला वाटलं होतं. ती फोन बाजूला ठेवून ताईच्या पायाशी बसली.

"मी नाही जात, आई," ती म्हणाली. "इतके दिवस तुला नीट बघितलंच नव्हतं मी. केवढी थकलीयेस तू. तुला एकटीला टाकून कशी जाऊ?"

माझी चांगली कामकरीण हातची जाणार नव्हती. तरी मला रडू फुटायच्या बेतात होतं.

ताईने तिच्या केसांतून हात फिरवला. "अगं, महिनाभर तू माझ्याकडे बघत बसलीस," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनीसुद्धा मला एवढं कधी बघितलं नव्हतं. माझं मन भरलं. आता ज्यांच्या तोंडाकडे बघायला कुणी धजत नाही, त्यांच्याकडे जा."