निशाणी वाकस

"आमच्या घराण्यातून अमेरिकेत पहिला मी आलो." माझे यजमान, उल्हास पांचाळ, इथल्या, पार्सिपनीतल्या आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे पस्तीस वर्षं ऐकवत आले, आणि मला ते मुकाट्याने ऐकावं लागलं. रिटायर झाल्यावर, २००५ साली, त्यांनी पणजोबांचा शोध घ्यायला घेतला. राघो सुतार बोटीवर कामाला गेले, एवढंच घरात ठाऊक होतं.

लायब्ररीत व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या खलाशांच्या याद्या चाळल्या, तर राघो डझनभर निघाले. मी कंटाळून कोट चढवला, तेवढ्यात ह्यांनी माझी बाही ओढली. बाकीच्यांनी सहीच्या जागी फुली मारली होती. एका राघोने मात्र लाकूड तासायचा वाकस काढला होता. लिहिता न येणारा सुतार तेव्हा आपलं हत्यार काढूनच सही करायचा. ह्यांच्या खिशात पणजोबांच्या जुन्या खरेदीखताची झेरॉक्स होती. तिच्यावरही तोच वाकस, दांड्याला तसाच बाक.

यादीच्या डोक्यावर लिहिलं होतं: मुंबई ते न्यूयॉर्क, १८८७.

घरी येताना ह्यांनी हायवेवरून उतरायची एक्झिट तीनदा चुकवली.

"सो यू वेअर नॉट द फर्स्ट, आजोबा?" नात अनयाने विचारलं.

"नाही गं," हे खुशीत म्हणाले. "मी नुसता विमानात बसून आलो. ते बोट दुरुस्त करत आले."