जुन्या गुडघ्यांची धार

थोरल्या जाऊबाईंच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची ठरली, तेव्हा त्यांनी घरात एकच मागणी केली. नवे गुडघे बसायच्या आत जुन्या गुडघ्यांनी डोंगराची धार एकदा चालायची. त्यांचं माहेर खुलताबादच्या पलीकडं. लग्नाआधी अंगणात भांडी घासताना रोज समोर ती धार दिसायची. भाऊ गुरांमागं वर जायचे, पोरींना कोण पाठवतंय? आता साठी उलटली होती. डोकं ठिकाणावर आहे का, असं मी मनातल्या मनात म्हटलं. तोंडानं फक्त डॉक्टरांना विचारलं का, एवढंच विचारलं. विचारलं तर ते नाहीच म्हणतील, मग विचारायचं कशाला, असं त्यांचं उत्तर.

सोबतीला माझी नेमणूक झाली, कारण मी रविवारी बायकांच्या गटाबरोबर डोंगर चढते. आमच्या ह्यांनी सकाळी म्हैसमाळला गाडीनं सोडलं आणि संध्याकाळी पलीकडं खाली गावात थांबतो म्हणाले.

धारेवर दोन्हीकडं जमीन तुटलेली आणि मधे बैलगाडी जाईल एवढी जागा. कुठं तेवढीही नाही. वारा असा की बोललेलं ऐकू येईना. आक्का, म्हणजे जाऊबाई, साडीवर लेकाचे जुने बूट घालून काठी टेकत चालत होत्या. थोडं चालायचं, काठीवर भार टाकून उभं राहायचं, पुन्हा चालायचं. एकदा बसलं की उठता येत नाही म्हणून दिवसभर बसल्या नाहीत. भाकरी-ठेचासुद्धा उभ्यानंच खाल्ला. सुरुवातीला मी सारखी सूचना देत होते. तिसरं टेकाड चढून झाल्यावर माझं तोंड आपोआप बंद झालं. मला ही बाई फार आवडली त्या दिवशी. इतकी वर्षं एका घरात राहून हे कळायला डोंगरावर यावं लागलं.

दुपारी एक पायवाट खाली डांबरी रस्त्याला उतरताना दिसली. त्यांचा उजवा गुडघा एव्हाना टम्म सुजला होता. मी म्हटलं, आक्का, बास झालं, इथूनच उतरू, ह्यांना फोन करते.

त्या गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "डाक्टर हे काढूनच टाकणार हायेत ना? मग जपून ठिऊ कोणासाठी?"

मी फोन परत पिशवीत टाकला. आम्ही पुढं निघालो.

खरी परीक्षा शेवटच्या उतारावर होती. सगळा सुटा मुरूम, पाय ठेवला की घसरणारा. आक्कांनी काठी माझ्याकडं दिली, डोंगराकडं तोंड केलं आणि पाठमोऱ्या उतरायला लागल्या. घरी जिनाही त्या तशाच उतरतात, गुडघे कमी दुखतात म्हणून. पण इथं मागचं दिसणार कसं? मग मी त्यांच्या खाली उतरले. त्यांची एकेक टाच हातात धरायची, घट्ट दगड बघून त्यावर ठेवायची, "टाका भार" म्हणायचं. त्या घसरल्या असत्या तर आम्ही दोघीही गेलो असतो. माझ्या डोळ्यांत माती जात होती. वरून मात्र आक्का निवांत सांगत होत्या, सावली कुठवर चढली, कोणत्या टेकाडावर आपण जेवलो.

"तुला दिसंना व्हय?" त्या म्हणाल्या. "लई देखणं हाय गं."

मला त्यांच्या दोन टाचांखेरीज काही दिसत नव्हतं.

खाली पहिल्या शेताच्या बांधावर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. आक्का किती तरी वेळ वर बघत राहिल्या. मी वाकून त्यांच्या साडीच्या काठाला चिकटलेली कुसळं काढायला लागले, तर त्यांनी मला खांद्याला धरून उभं केलं.

"दिवाळीचा नमस्कार आजच पोचला," त्या म्हणाल्या. "यंदा वाकायचं नाय."

पाडव्याला मी तरीही वाकले. आजवर सणावाराला मी ते पाय रिवाज म्हणून नुसते शिवत आले होते. यंदा ते माझ्या ओळखीचे होते.