सावडीचे चार दिवस

नव्वदच्या दशकात मला मुंबईत नोकरी लागली, तेव्हा आनंद झाला तो तासभर. काम होतं कुर्ल्याच्या एका कारखान्यात शर्टांना बटणं लावायचं. सुटायला रोज उशीर. एवढ्या उशिरा आटगाव स्टेशन गाठून पुढे डोळखांबच्या बाजूला गावी पोचणं शक्यच नव्हतं. म्हणून चाळीतल्या एका खोलीत आम्ही चौघीजणी राहू लागलो. भाडं, रॉकेल आणि जेवण यांतच अर्ध्याहून जास्त पगार उडायचा. शहरात पाणी सोडून सगळ्याला पैसे पडतात असं मला वाटलं होतं. तिथे पाणी भरून देणाऱ्या बायकाही हंड्यामागे पैसे घेत.

चाळीत उत्तरेकडचे सुतार होते, आंध्रचे गवंडी होते, केरळची एक नर्स होती. भांडणं मात्र सगळ्यांची एकाच मोडक्या हिंदीत चालत. आमच्या शेजारी इडल्या विकणारी एक तमिळ बाई राहायची. तिला सगळेच अम्मा म्हणत.

उन्हाळ्यात अम्माची कंबर धरली. मी आमच्या पाण्याबरोबर तिचीही दोन पिंपं भरू लागले. पंधरा दिवसांनी ती उठून हिंडू लागली आणि तिने माझ्या हातात नोटा ठेवल्या. माझं डोकंच फिरलं. तशाच त्या मी तिच्या पिंपाच्या झाकणावर आपटल्या.

"हमारे यहाँ पैसा नहीं लेते," मी म्हणाले. "आज मैंने किया, कल तुम करना."

उद्या ही माझी खोलीच मागेल, अशा नजरेने अम्मा माझ्याकडे बघत राहिली.

आमच्या गावात याला सावड म्हणतात. भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या माझ्या. मजुरी नाही. ज्यांनी आपल्याकडे हात लावला, त्यांच्याकडे आपण जायचं.

त्या वर्षी आवणीच्या तोंडावर आईच्या हाताला विळा लागला. वडील आधीच गेलेले, घरात ती एकटी. चार घरी तिने सावडीला जायचं होतं. ती गेली नाही, तर आमच्या खाचरात कोणी उतरणार नव्हतं. रोपं जून झाली असती आणि तिचं वर्षाचं भात गेलं असतं. तिने निरोप धाडला, चार दिवस ये. इकडे मुकादम म्हणाला, "खुशाल जा. तुझ्या जागेवर दुसरी बसेल."

मी शहाणपणा केला. गावातला एक चुलतभाऊ रोज आटगावहून कामाला यायचा, त्याच्या हाती चार दिवसांची मजुरी पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी त्याच घडीच्या नोटा परत आल्या, शेजारच्या काकूच्या निरोपासकट: "आमी काय मजूर हाव काय? पोरीला सांग, याचं तर ये. पैसं नको धाडू."

आधी राग आला. मग आपण अम्माच्या पिंपावर काय आपटलं होतं ते आठवलं आणि लाजेने मेल्यासारखं झालं. जिन्यात बसून मी रडले. अम्माने विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं.

"कितना दिन?"

"चार."

सकाळी ती माझ्याबरोबर कारखान्यात आली आणि मुकादमाला म्हणाली, "इसकी जगह मैं बैठेगी. सुई मेरे को भी आता है." त्याला बटणं लागल्याशी मतलब. तो कबूल झाला.

चार दिवस मी चार घरच्या चिखलात वाकले. पाचवा दिवस रविवार, कारखाना बंद. त्या दिवशी सगळी आळी आमच्या खाचरात उतरली. सगळ्यात आधी काकू. "आली गो मुंबईवाली! नोटा आणल्यास का?" तिने ओरडून विचारलं. आई इतकी हसली की तिला बांधावर टेकावं लागलं.

परतले तर अम्मा खोलीपाशी उभी होती. मुकादमाने दिलेलं चार दिवसांच्या पगाराचं पाकीट तिने माझ्यापुढे धरलं. ते चार दिवस तिच्या इडल्या बंद होत्या. रोजची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली होती.

"अम्मा, ये तुम्हारा है," मी म्हणाले.

"क्यों?" ती म्हणाली. "तुम्हारे यहाँ पैसा नहीं लेते ना?"

मी पाकीट घेतलं. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं, तेव्हा तिची दोन पिंपं आधी भरली.