पैकीच्या पैकी

कशी आहेस असं विचारलं की ती औषधाची बाटली दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू घोळवायची आणि म्हणायची, "मजेत, काकी." फ्रीजमधलं गार औषध टोचून घ्यायच्या आधी बाटली अशी घोळवावी लागते. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पोर लाडू वळतेय.

मुरुडच्या कोळीवाड्यातली ती. आमचं तिथं नाक्यावर लहानसं दुकान, थंड पेयांचा फ्रीज असलेलं. तिच्या घरी फ्रीज नव्हता, म्हणून डायबेटीस निघाला त्या दहाव्या वर्षापासून तिचं इन्सुलिन माझ्याकडे, अंड्यांच्या खणात. दोन्ही वेळा जेवणाआधी यायची, हाताला सुकटीचा वास घेऊन. साखर उतरली की माझ्या बरणीतून दोन पेपरमिंट उचलायची. "औषध म्हणून खातेय हां." मग तिसरी उचलायची. "ही मात्र चोरी."

असेल तुमच्याही गल्लीत अशी एखादी. गल्लीला तिचं दुखणं माहीत होतं, गल्लीबाहेर कुणाला नाही.

दवाखान्यातून एक बाई वर्षातून दोनदा यायची, अशा पोरांचं जगणं कसं चाललंय ते मोजायला. ती प्रश्न वाचणार, पोरीने 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंतच्या एका चौकोनात खूण करायची. सुयांचा कंटाळा येतो का, मैत्रिणी खात असताना वाईट वाटतं का, असले प्रश्न. ज्यांचे गुण कमी येतील त्यांच्या घरी कुणीतरी येऊन आईबापांशी बोलतं, हेही बाईने समजावलं होतं. पोरीच्या आईच्या डोक्यात एवढंच राहिलं, की कमी गुण म्हणजे नापास. दुकानाच्या बाकावर ती लेकीला खेटून बसायची, जणू परीक्षा तिचीच.

शेवटच्या खेपेला पोर वीस वर्षांची होती. लग्न महिन्यावर आलेलं, आणि हरिहरेश्वरकडच्या सासरी दुखण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. बाईने वाचलं, "आजार लोकांपासून लपवावा लागतो का?"

पेन थांबलं. पोरीने आईकडे बघितलं.

"कधीच न्हाय," आई म्हणाली. "कर खूण."

मग पोरीने माझ्याकडे बघितलं. मी बरण्या पुसत होते. पुसतच राहिले.

पैकीच्या पैकी गुण. शाळेत कधी पडले न्हाईत एवढे मार्क, असं आई गल्लीभर सांगत सुटली. बाईही खूश. मग घरी येऊन बोलायला कोण कशाला येतंय?

लग्नानंतरही बाटल्या माझ्याकडेच राहिल्या. सासरच्या फ्रीजमध्ये ठेवल्या तर विचारतील ना. माहेरी आली की एखादी पर्समध्ये लपवून न्यायची आणि न्हाणीघरात कडी लावून, पुरवून पुरवून टोचायची.

गौरीला माहेरी आली तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी विचारलं, कशी आहेस गं. बाटली तळव्यांत फिरत राहिली, पण नेहमीचा शब्द काही आला नाही.

"काकी, त्या पेपरातला एक प्रश्न चुकला माझा."

कुठला, ते मी विचारलं नाही. होईल सगळं नीट, म्हटलं. असं म्हणायला माणसाचं काय जातं?

दिवाळीच्या आधीच निरोप आला. सासरचे म्हणाले, अचानक झालं. आई म्हणाली, अचानक झालं. मीही चार जणींना तेच सांगितलं.

परवा दवाखान्यातली बाई आली, कागदांचा नवा गठ्ठा घेऊन. तिला काहीच ठाऊक नव्हतं. सांगितलं तशी बाकावर बसली. यादी काढून तिने एका नावावर रेघ मारली.

"सगळ्यांत चांगले गुण तिचेच होते हो," म्हणाली.

तिच्या चहाला दूध काढायला मी फ्रीज उघडला. अंड्यांच्या खणात शेवटची बाटली तशीच आहे. का कोण जाणे, उचलली आणि तळव्यांत धरून घोळवत उभी राहिले.

मागून बाईने विचारलं, "आणि तुम्ही कशा आहात, काकी?"

तोंडातून निघून गेलं, "मजेत."