योसेफ तीन दिवस खड्ड्यात

भगिनींनो, आपल्या मंडळाची घरोघर फिरणारी वही आज माझ्याकडे आली आणि आजच माझी फजिती झाली. तीच लिहिते.

रोज सकाळी बायबलचा एक अध्याय वाचायचा, असं मी तुम्हा सगळ्यांसमोर ठरवलं होतं. मनात वाचलं की डुलकी लागते, म्हणून ओसरीवर मोठ्यानं वाचते. सोमवारी योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकलं आणि तेवढ्यात चुलीवर दूध उतू गेलं. मी उठले ती उठलेच. मग पापड, मग लढाईपायी लागलेली रॉकेलची रांग. तीन दिवस पुस्तक उघडलं नाही.

आज शेजारच्या हौसाबाई खुरपं घेऊन कुंपणापाशी उभ्या.

"मास्तरीणबाई, ते पोरगं अजून खड्ड्यातच हाय का?"

"कोणतं पोरगं?"

"योसेफ! तुमी वाचता तवा मी हितं भांडी घासत ऐकती. तीन दिस मला घास ग्वाड लागंना, आन् तुमी खुशाल पापड लाटता व्हय?"

मी ओशाळून पुस्तक आणलं. भावांनी त्याला विकलं आणि बापाला तो मेल्याचं भासवलं, हे ऐकताच हौसाबाईंनी त्यांना ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहवत नाहीत.

"उरलेलं उद्या वाचू," मी म्हटलं.

"न्हाई. बापाला खरं कळंस्तोवर मी हालनार न्हाई."

त्याला पुढचे आठ अध्याय लागले. आमचे मास्तर भाकरीविना शाळेत गेले. योसेफ जिवंत असल्याचं बापाला कळलं, तेव्हा आम्ही दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना रडत होतो.

भगिनींनो, माझा नेम आता हौसाबाईंच्या हाती आहे. तुमचा कोण चालवतं?