साडूला दिलेला कनेक्टर

कारखान्यात लेथवर काम करणारा तो टर्नर हुशार होता, पण नात्यातल्या माणसापुढे त्याची हुशारी गुडघे टेकायची. बायको म्हणायची, "तुम्हाला कुणीही गोड बोलून विकून खाईल." ती उगाच बोलत नव्हती.

केबल टीव्हीला जोडायचा तो पितळी तुकडा, म्हणजे कनेक्टर. त्यात पावसाचं पाणी शिरलं की चित्र गेलंच. टर्नरने आत एक रबरी कडं असं बसवलं, की कनेक्टर नुसता हाताने पिळला तरी ते केबलला घट्ट आवळायचं. त्यापायी त्याने एवढ्या सुट्ट्या लेथवर घालवल्या, की बायको त्या कनेक्टरला सवत म्हणायची.

नमुने तयार झाले. ते पावसात टिकतात का हे बघायला गच्च्यांवर चढणारा माणूस हवा होता. साडूचं कामच केबल ओढायचं. टर्नर नमुने घेऊन त्याच्या घरी गेला, तेव्हा मेहुणी समोरच चहा ओतत होती.

"लावून बघ, पण पेटंटचा अर्ज होईपर्यंत कुणाला सांगू नकोस," टर्नर म्हणाला.

"दादा, हे काय मला सांगायला हवं?" साडू म्हणाला.

पुढे वकिलाने विचारलं, याची लेखी सही का नाही घेतली? टर्नरला हसू आलं. घरच्या माणसाकडून कसली सही घ्यायची?

पेटंट मिळालं आणि एका मोठ्या कंपनीने तसाच कनेक्टर बाजारात आणला. वर पेटंटच रद्द करा म्हणून भांडायला उभी राहिली. पहिल्या फेरीत तिने जुन्या कनेक्टरांची चित्रं नाचवली, त्यातलं एकही लागू पडलं नाही. मग अपिलात तिने साक्षीदार आणला, तो साडू. हल्ली कंपनीची कामं त्यालाच मिळत होती.

अर्जाआधी वस्तू उघड वापरात असेल तर पेटंट जातं. गुप्त ठेवायचं सांगून चाचणीला दिली असेल तर टिकतं. वकील म्हणाला, मेहुणीलाही बोलावू. टर्नरने हात जोडले. "नवऱ्याविरुद्ध बोलायला लावून तिच्या संसारात बिब्बा घालू का? आणि साडू खोटं बोलणार नाही हो."

साडू साक्षीला उभा राहिला.

"हे गुप्त ठेवायचं, असं सांगितलं होतं?" कंपनीच्या वकिलाने विचारलं.

"नाही. मी तर सगळ्यांना दाखवत होतो."

टर्नरकडे न बघता, घसा खाकरून, तो इतकं सहज बोलला की टर्नरच्या पायाखालची जमीन सरकली. पोलिसात खोटी तक्रार केली असती तरी त्याला एवढं लागलं नसतं.

"अजून वेळ आहे, मेहुणीचं नाव द्या," वकील कानाशी म्हणाला.

नवऱ्याबरोबर आलेली मेहुणी बाहेर बाकावर बसली होती. टर्नर जवळ आला तशी ती पदर सावरून उभी राहिली.

"भाऊजी, मला बोलावू नका."

"तुला त्रास होणार असेल तर नाही बोलावत."

"त्रासाचं नाही. मला विचारलं तर मीही तेच सांगेन. तुम्ही तसं काही म्हणालाच नव्हतात."

तिने हे त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं. साडूचा त्याला संताप आला होता. हिच्यासमोर मात्र त्याला रडू फुटेल असं वाटलं. तो माघारी वळला आणि वकिलाजवळ जाऊन बसला.

"काय झालं? येते का?"

"तिला आठवत नाही," टर्नर म्हणाला.