अमेरिकन नटाचे पणजोबा

आमच्या शेजारच्या टॉकीजकाकांना एका अमेरिकन नटाचं घराणं इतकं पाठ होतं, की खुद्द त्या नटाने अडल्यास जबलपूरला तार करावी. काका छावणीतल्या सदर बाजारच्या टॉकीजवर तिकिटं फाडत. गोरे सोल्जर सिनेमाची मासिकं खुर्चीवर टाकून जात, ती काका घरी आणून शब्दकोश उघडून वाचत. नटाचे पणजोबा दुष्काळात आयर्लंड सोडून बोटीवर चढले, आजोबा खाणीत दबून मेले, बाप दारूत गेला, आईने लोकांचे कपडे धुऊन पोर वाढवलं. काकांना चहा पाजला की हे सगळं नावांसकट ऐकावं लागे. एका होळीला माझ्या आईने पाठवलेली पुरणपोळी तशीच परत आली. "वहिनी, सुतक आहे," काका दारात अनवाणी उभे. "नटाची आई गेली. मासिक उशिरा भेटलं, म्हणून तीनच दिवस पाळून राहिलो." आई हसली नाही. बाबा मात्र दोन दिवस हसत होते.

काकांचं स्वतःचं कोणी नव्हतं. गढा वस्तीतलं त्यांचं घर प्लेगात आठवड्याभरात संपलं, तेव्हा ते चार वर्षांचे होते. पन्नाशीत छातीत दुखू लागलं, तशी त्यांना घाई झाली. "वर गेल्यावर बापाला काय तोंड दाखवू?" म्हणत सर्वपित्री अमावास्येला ते बाबांच्या मागोमाग ग्वारीघाटावर तर्पणाला आले. मीही होतो. नर्मदेच्या गुडघाभर पाण्यात तर्पण सांगणाऱ्या पंड्याने विचारलं, "पिताजी का नाम?"

काकांनी भरल्या ओंजळीनिशी मान हलवली.

"मालूम नहीं तो अज्ञात बोल दो, भैया. चलता है."

"अज्ञात काहून?" काका मराठीतच म्हणाले. "माणूस होता तो. मी त्याला बाबा म्हणत होतो, तेवढंच आठवते."

परक्याच्या चार पिढ्या तोंडपाठ असलेल्या माणसापाशी बापाचं नाव नव्हतं. मला रडू आलं. ओंजळीतलं पाणी गळून गेलं, तसे काका बाबांकडे वळले. "भाऊसाहेब, तुमच्या वडिलांचं नाव घेऊ का? दुसरं सुचून नाही राहिलं."

बाबा सोवळ्याओवळ्याचे कडक. आता खवळणार, असंच मला वाटलं. त्यांनी आपल्या तांब्यातलं पाणी काकांच्या ओंजळीत ओतलं आणि पंड्याला म्हणाले, "नारायण. दोनों का."

पुढे सहा वर्षं माझ्या आजोबांना दोन मुलगे पाणी देत होते. सातव्या वर्षी काका नव्हते. आजोबांचं नाव घेऊन झाल्यावर बाबांनी आणखी एक ओंजळ भरली. पंड्याने विचारलं, ही कोणाची?

"भाई था," बाबा म्हणाले.